पंख्याची तिसरी वायर

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. माय भांडी घासून ओल्या हातानं आत आली, वारा आपल्याकडं यावा म्हणून तिनं टेबल फॅनच्या बुडाला हात घातला आणि झटकन मागं घेतला. "हाताला मुंग्या यायल्यात बघ रे ह्याच्या," म्हणाली आणि खात्री करायला पुन्हा हात पुढं केला. मी ओरडलो, धावत जाऊन बटण बंद केलं, पिन उपटली. तिच्या पायात प्लास्टिकची चप्पल होती म्हणून मुंग्यांवर निभावलं.

"टाकून दे, नवा घे," असं आमच्या घरात ह्या पंख्याबद्दल कुणी म्हणत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, भूकंपात आमचं जुनं गाव पडलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडाचं माळवद आणि त्यावर थरावर थर चढवलेली माती. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच ओझं अंगावर आलं. सरकारी आकड्यात सगळ्या भागात मिळून 7,928 माणसं गेली, त्यात आमची आजी. पुढं दादांनी ढिगारा उपसला तेव्हा एक जातं, एक हंडा आणि हा बिडाचा पंखा निघाला. जाळी चेपली होती, मोटार शाबूत. पत्र्याच्या शेडमधून तो पुनर्वसनाच्या घरात आला. दादा गेले, पंखा फिरतोय.

पण वायर तीच राहिली होती. वरून कापडी वीण, आत दोनच तारा, टोकाला दोन पिनांचा काळा प्लग. बुडाचे स्क्रू काढून मी पंखा उताणा केला. वायर ज्या भोकातून आत जाते तिथलं रबरी बूच वाळून त्याचा भुगा झाला होता. बिडाची कड वर्षानुवर्षं घासून कापडातून, रबरातून आत शिरली होती. तांब्याचे केसासारखे तीन-चार तंतू उघडे पडून बिडाला टेकतायत न टेकतायत, असे होते. सगळा पंखा तेवढ्या जागेवरून जिवंत होत होता.

गावातल्याच दुकानातून तीन तारांची, आयएसआय शिक्क्याची 0.75 चौरस मिलिमीटरची वायर आणि तीन पिनांचा प्लग आणला. आमचे वायरमन मामा शेजारी बसले, काम मला करू दिलं. तपकिरी फेज, ती आधी पंख्याच्या बटणाकडं; निळी न्यूट्रल. जुन्या घरांत हेच रंग लाल आणि काळे असतात. हिरवी-पिवळी ती अर्थिंगची. मामांनी ती दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवायला लावली. "कुणी वायर ओढली तर बाकीच्या आधी तुटाव्यात, ही शेवटी," म्हणाले. बिडावरचा रंग पॉलिश पेपरनं घासून धातू चकचकीत केला, कारण रंगावरून वीज जात नाही. वायरच्या टोकाला कडीचं थिंबल दाबलं, दातेरी वायसर घालून स्वतंत्र स्क्रूनं आवळलं. भोकाला नवं बूच बसवलं आणि ओढ जोडावर येऊ नये म्हणून आतून पट्टीनं वायर धरली. मग मीटर लावला. मोठ्या पिनेपासून बिडापर्यंत मीटर वाजला. बाकी दोन पिनांपासून बिडापर्यंत गप्प राहिला. हवं ते हेच.

(सगळ्याच यंत्रांना तिसरी तार लागत नाही. ज्याच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला दुहेरी आवरण असतं. त्याला आपल्या मनानं तार जोडायची नाही.)

मला वाटलं, झालं. मामा म्हणाले, "आता भिंत बघू." त्यांनी होल्डरमधला बल्ब फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख पेटला. फेज आणि वरच्या मोठ्या भोकाला लावला, तसाच लख्ख पेटला. मी खूश झालो. मामांनी मेन स्विच पाडून बोर्ड खोलला आणि मला टॉर्च धरायला लावली. मोठ्या भोकामागं जमिनीकडं जाणारी तार नव्हतीच. तिथून वीतभर वायरचा तुकडा शेजारच्या न्यूट्रलला मारलेला होता. बल्ब त्यानं फसतो, माणूसही फसतो. पंखा चालतो, सगळं ठीक दिसतं. वाऱ्यावादळात न्यूट्रल कुठं सुटली, किंवा दुरुस्तीत खांबावर फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, की त्याच तुकड्यातून 230 व्होल्ट थेट बिडावर. मी जीव लावून जोडलेली हिरवी वायरच मायच्या हातापर्यंत वीज घेऊन गेली असती. वायरिंग कुणी केलं होतं, ते आता उगाळत नाही. पण ते काम नव्हतं, दगा होता.

दुसऱ्या दिवशी न्हाणीमागं अर्थिंगचा खड्डा घेतला. वर काळी माती, भेगाळलेली. खाली मुरूम, तिथं पहार वाजायला लागली. अडीच मीटरचा जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, आणि तिथून जाड तार थेट बोर्डापर्यंत. मामांनी आणखी एक गोष्ट करायला लावली, ती सगळ्यात मोलाची: 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच. त्याचा हिशेब त्यांनी वहीच्या पानावर मांडून दाखवला. आपल्या कोरड्या मातीत खड्ड्याचा रोध समजा 100 ओहम झाला, तर 230 व्होल्टला वाहणार फक्त 2.3 अँपिअर. त्यानं फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही, बॉडीवर करंट तसाच राहतो. आरसीसीबीला मात्र त्याच्या कितीतरी कमी गळती पुरते. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. बसवल्यावर त्याचं टेस्ट बटण दाबलं, खटकन घर बंद झालं. माय हसली.

उन्हाळ्यात खड्डा ओला ठेवावा लागतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात पाइपाला चांगलं पाणी कोण घालणार? माय भांडी खळबळल्याचं पाणी तिथं ओतते.

मार्च लागला की घराघरांतून पत्र्याचे कूलर बाहेर निघतील. त्यात पाणी आहे, पंप आहे, भोवती ओल्या अंगाची पोरं आहेत. नवी वायर आणि तीन पिनांचा प्लग जरूर लावा, पण त्यावर थांबू नका. मेन बंद करून वायरमनकडून बोर्ड खोलून घ्या आणि मोठ्या भोकामागची तार कुठं जाते, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.