पाणी कुठून येतंय

थंड इंजिनाची गळती वेगळी आणि तापल्या इंजिनाची वेगळी. रात्रभर उभ्या गाडीखाली फरशीवर हिरवट चट्टा दिसला, तर पहिला संशय होजच्या क्लिपवर घ्यावा. गारव्यानं रबर आकसतं, क्लिपची पकड सुटते आणि थेंब वाट काढतो. इंजिन तापलं की तेच रबर फुगून तोंड मिटून बसतं. घाट चढताना सुटणारं कूलंट मात्र जमिनीपर्यंत पोचतच नाही. तापल्या धातूवर ते उडून जातं, मागं पांढुरकी खपली आणि गोडसर वास तेवढा राहतो. हा गोडवा इथिलीन ग्लायकॉलचा, आणि जहरी. कुत्र्यामांजरांनी चाटला तर जिवावर बेततं. म्हणून चट्टा आधी धुवायचा, डोकं मग खाजवायचं.

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलीनं हे पाण्याचं लचांड मागं लावून घेतलं ते उगाच नव्हे. होंडानं 1974 साली कोलोनच्या प्रदर्शनात गोल्ड विंग मांडली, तिचं 999 सीसीचं आडव्या चार सिलिंडरांचं इंजिन पाण्यावर थंड होणारं होतं. दोन माणसं, सामान आणि दिवसभराचा रस्ता, एवढं सगळं घेऊन इंजिनाचा पारा एका जागी ठेवायचा तर पाणी हवंच. पाणी आलं की पंप आला, होज आले, ओ-रिंगा आल्या आणि गळतीही आली. हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांचे मालक आम्हाला हसतात. त्यांनी आपल्या फरशीवरचं तेल आधी पुसावं.

माझी गाडी वीसेक वर्षांची, मॉडेल कधीच बंद झालेलं, आणि आता तीही गळू लागलेली. अशा गाडीचा मेकॅनिक शोधणं म्हणजे मुलीला स्थळ बघण्याचाच प्रकार: जो तो एक पत्ता देतो आणि ‘माझं नाव सांगा’ म्हणतो. एका चकचकीत वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरनं गाडी ओळखलीच नाही. दुसरीकडचा उस्ताद उत्साही. त्यानं गाडीकडे धड न बघताच थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि रेडिएटरचा पंखा डायरेक्ट करायचा, असा बेत सांगितला. गळतीवर हा कुठला उतारा? थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि गळती असते तिथंच असते. आपल्याकडे निम्म्या जुन्या गाड्या या ‘डायरेक्ट’नं मारल्या आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी गाडी लागली कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पंप दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या दारात. दुकानासमोर उसाच्या मळ्यांवरून आलेल्या मोटरींची रांग. ‘पावणं, गाडीचं मला काय कळत न्हाई,’ ते म्हणाले, ‘पन पानी कुठनं येतंय ते बघू.’ मला पहिल्यांदाच योग्य प्रश्न विचारणारा माणूस भेटला होता.

त्यांनी रेडिएटरचं एक जुनं झाकण शोधलं, मधोमध भोक पाडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, आणि गार गाडीच्या रेडिएटरवर ते लावून सायकलच्या पंपानं हवा भरायला घेतली. माझ्या मूळ झाकणावर 1.1 हा आकडा कोरलेला. म्हणजे चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो दाब. या दाबामुळंच निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट शंभराच्या थोडं वर उकळायचं ते सव्वाशेच्या पुढं सरकतं. काट्यानं तेवढा दाब दाखवल्यावर मिस्त्री थांबले. मग पंप नाही, पाना नाही. बॅटरी आणि हातआरसा घेऊन ते गाडीखाली आडवे झाले. मी होजची जुळणी दाखवायला गेलो, तर हातानंच गप्प केलं.

थेंब आला तो होजमधून नव्हे. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, बुडाशी काडीएवढं भोक असतं, तिथून. एका बाजूला पाण्याचं सील, दुसऱ्या बाजूला ऑइल सील, आणि मधल्या पोकळीतून बाहेर पडणारी ही वाट. पाण्याचं सील झिजलं की इथून ठिबकतं. ते ठिबकावं म्हणूनच ठेवलेलं असतं. कुणी तरी पूर्वी तिथं एम-सील भरलं होतं, त्याचा कपचा अजून कडेला होता. भोक बुजवलं तर पाणी ऑइल सील ओलांडून इंजिनात शिरतं आणि ऑइल पांढुरकं होतं. त्यानंतर बेअरिंगांचं काय होतं ते सांगायला नको.

पंप खोलल्यावर मिस्त्रींचा चेहरा उजळला. ही तर त्यांची रोजची ओळखीची चीज: स्प्रिंगनं दाबलेली कार्बनची चकती, ती सिरॅमिकच्या चकतीवर फिरते, मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा. कार्बनवर गोल चरे पडले होते, नखाला लागत होते. शेतीपंपाचं सील मात्र त्यांनी मापात बसत असूनही बाजूला ठेवलं. त्याचं रबर गरम कूलंटला टिकणार नाही, म्हणाले. मोटारीच्या वॉटर बॉडीचं सील शोधून आणलं, शाफ्टला लेथवर बारीक पॉलिश दिलं, ओ-रिंगा नव्या घातल्या. कूलंटही बिनसिलिकेटचंच घ्यायला लावलं आणि ते पातळ करायला बोअरचं पाणी वापराल तर परत येऊ नका, असा दम दिला.

बिलबुकात पंपाचे रकाने छापलेले. ‘एच.पी. किती?’ त्यांनी पेन उचलून विचारलं. शंभरच्या आसपास, मी म्हणालो.

‘शंभर? एवढी मोटर कुनाच्या हिरीवर हाय वो?’ म्हणत त्यांनी तो आकडा रकान्यात लिहिला आणि पोराला पुढची मोटर घ्यायला सांगितली.