आजोबांचा नवा चाकू

आमची नागावला वाडी आहे. वाडीत नारळ व पोफळी आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. तेव्हा मी खूप लहान होतो. आमच्या पुष्कळ पोफळी मोडल्या. आजोबांनी पुन्हा रोपे लावली. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणून आजोबा रोपांना फार जपतात.

आजोबांच्या खिशात नेहमी घडीचा चाकू असायचा. त्याला दोन पाती आणि एक आरी होती. मोठ्या पात्याने सुंभ कापायचा. लहान पात्याने कलमाची काडी छाटायची. आरीने सुंभाची ओली गाठ सोडवायची. पण तो चाकू फार जुना झाला होता. पाते घासून घासून झिजले होते. कमानही सैल झाली होती. कमान म्हणजे पाते धरून ठेवणारी पोलादाची पट्टी.

गेल्या पावसाळ्यात आजोबा सुंभ कापत होते. एकदम पाते मिटले आणि बोटावर बसले. चार टाके पडले. मला रडू आले. आई म्हणाली, "आता चाकू हातात घेऊ नका." आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ओटीवर नुसते बसून राहू लागले. मला ते बघवेना. मी आईला म्हटलं, "आजोबांची चूक नाही गं, चाकूच म्हातारा झालाय." मग आई म्हणाली, "बरं, नवा घ्या. पण तू सोबत जा."

आम्ही एस. टी.ने अलिबागला गेलो. दुकानात एक चकचकीत चाकू होता. त्यात कात्री, करवत, पेचकस असे खूप काही होते. मी म्हटलं, "हाच घ्या!" आजोबा म्हणाले, "बाला, आधी उघडून बघ." माझे नख दुखले, पण पाते उघडले नाही. आजोबांनी उघडून पाहिले. टाके पडलेले बोट नीट वाकत नाही, म्हणून त्यांनाही जमले नाही. ते म्हणाले, "आपली हवा खारी. जी पाती वापरात नाहीत ती गंजून बसतील. आणि करवत मला कशाला?"

मग दुकानदाराने दोन पात्यांचे, आरीवाले चार चाकू काढले. आजोबांनी एकेक उघडून पाहिला. पाते खट्ट वाजून थांबते का? बाजूला हलते का? मिटल्यावर टोक बाहेर राहते का? एकाची कमान सैल होती. दोघांची फार घट्ट होती. चौथा मात्र आजोबांच्या नखाने उघडला आणि हलला नाही. तोच घेतला. मी थोडा हिरमुसलो होतो.

नंतर शाळेत बाईंनी सांगितले, की स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८९१ साली सैनिकांना घडीचा चाकू दिला. त्यात पाते, आरी, डबा उघडायचे हत्यार आणि पेचकस होता. पेचकस बंदूक खोलायला लागायचा. म्हणजे त्यांनीही आधी काम पाहिले आणि मग चाकू ठरवला. तेव्हा मला आजोबांचे म्हणणे पटले. मी चाकू पाहत होतो, आजोबा काम आणि आपला हात पाहत होते.

आता आजोबा रोज वाडीत जातात. संध्याकाळी मी चाकू पुसतो आणि सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब सोडतो. पाते मिटताना बोटे बाजूला ठेवायची आणि तळहाताने पाठीवर दाबायचे, हे आजोबांनी मला शिकवले. आई अजून रोज विचारते, "बोटं दाखवा बघू." आजोबा हसून दहाही बोटे दाखवतात.

चाकू शाळेत आणायचा नसतो, म्हणून मी खाली त्याचे चित्र काढले आहे.