शिझुओका : चिमुकल्या जहाजांचें शहर

जपानास जाणारा प्रवासी बहुधा टोकियो पाहतो, क्योटोचीं देवळें पाहतो, आणि या दोहोंच्या दरम्यान आगगाडीच्या खिडकींतून फुजी पर्वताचें दर्शन घेऊन कृतार्थ होतो. टोकियोपासून सुमारें १८० किलोमीटरवर असलेल्या शिझुओका शहरीं मुद्दाम उतरणारे थोडेच. तेथें पाहण्यासारखें काय आहे, असें सोबतच्या मंडळींनीं विचारलें तेव्हां आम्हीं 'चहाचे मळे' एवढेंच उत्तर दिलें. चहा तेथें खरोखरच उत्तम होतो. परंतु आमच्या उतरण्याचें कारण निराळें होतें, आणि तें सांगण्याची आम्हांस थोडी लाज वाटत होती.

आमच्या धाकट्या बंधूंच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवानें उन्हाळ्याच्या सुटींत प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची एक युद्धनौका जुळविली. प्रमाण एकास सातशें. म्हणजे सातशें फूट लांबीची नौका एक फुटांत आलेली. जुळणी संपली तरी मुलगा रंग देईना. कांचकागदानें घांसणें, धुणें, वाळविणें यांतच दिवस जात. ही टंगळमंगळ आम्हांस पाहवेना. एके दुपारीं तो बाहेर गेला असतां आम्हीं दारांना देण्यासाठीं आणलेला इनॅमलचा डबा काढला आणि अर्ध्या तासांत नौका करड्या रंगानें चकचकीत करून ठेविली. आपण त्याच्यावर उपकार केला, या समाधानांत आम्हीं वामकुक्षी केली. संध्याकाळीं पाहतों तों कठडे रंगांत बुडालेले, तोफांच्या नळ्या एकमेकींस चिकटलेल्या आणि डेकवर आमच्या आंगठ्याचा ठसा! मुलगा कांहीं बोलला नाहीं. काका वडील, बोलणार काय? त्यानें नौका पेटींत घालून पेटी माळ्यावर टाकली. त्या पेटीवर 'शिझुओका' हें नांव छापलेलें होतें.

शिझुओकाचें जुनें नांव सुंपु. जपानचा प्रख्यात शोगुन तोकुगावा इएयासु यानें आपलें उत्तर आयुष्य येथें घालविलें व १६१६ सालीं येथेंच देह ठेविला. त्याचें समाधिमंदिर जवळच्या कुनो डोंगरावर १६१७ सालीं उभें राहिलें. पुढें शहरांतील सेंगेन देवालयाचा जीर्णोद्धार १८०४ सालीं सुरू झाला, तो सुमारें साठ वर्षें चालला. अशा कामांसाठीं सुतार, कोरक्ये आणि रोगणकार ठिकठिकाणांहून येथें येऊन राहिले. आपल्या आजच्या उद्योगाचें मूळ या कारागिरांत आहे, असें शिझुओकाकर अभिमानानें सांगतात.

या शहरानें आगही पुष्कळ पाहिली. १९४० च्या जानेवारींत मोठी आग लागून पांच हजारांहून अधिक घरें जळालीं, आणि जून १९४५ मधील विमानहल्ल्यांत उरलेल्या शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. दुसऱ्याच वर्षीं, १९४६ सालीं, योशिओ तामिया यांनीं येथें लांकूड कापण्याचा कारखाना काढला. उरलेल्या लांकडाचीं जहाजें व विमानें करून विकतां विकतां, १९५३ सालीं इमारती लांकूड सोडून प्रतिकृति हाच त्यांचा धंदा झाला. पुढें परदेशांतून प्लॅस्टिक आलें. त्यांनीं १९६० सालीं काढलेली पहिली प्लॅस्टिकची प्रतिकृति 'यामातो' या युद्धनौकेची होती. ती बाजारांत हरली. प्रतिस्पर्ध्याची तशीच नौका स्वस्त निघाली. त्यानंतरच्या रणगाड्यानें मात्र त्यांस तारलें. १९७१ सालीं शहरांतील व आसपासच्या कारखानदारांनीं आपसांत नौका वांटून घेऊन एकास सातशें प्रमाणाची एक माला सुरू केली. आमच्या घरची नौका त्याच मालेंतील. आज शहरांत टपालपेटी आणि टेलिफोन यांचे भाग चौकटींत अडकविलेल्या अवस्थेंत, माणसाएवढे मोठे करून उभे केलेले दिसतात!

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं कुनो डोंगर चढलों. पायथ्यापासून दगडी पायऱ्या १,१५९. जेजुरी व पर्वती चढलेल्या गुडघ्यांसहि त्या जाणवल्या. वर गेल्यावर तांबडें, काळें व सोनेरी मंदिर असें झळकतें कीं, रंग काल दिला असावा. हें रोगण म्हणजे उरुशी. आपली लाख किड्यापासून मिळते. उरुशी हा एका झाडाचा चीक आहे. कच्चा असतांना तो अंगास लागला तर पुरळ उठते. त्याची गंमत अशी कीं, तो कोरड्या हवेंत घट्ट होत नाहीं. त्याला दमट, उबदार हवा लागते. श्रावणांत धोतर वाळत नाहीं म्हणून आपण कुरकुरतों. उरुशीला तशीच हवा मानवते. म्हणून कारागीर भांडी मुद्दाम ओलसर ठेविलेल्या कपाटांत ठेवतात. प्रत्येक हात पातळ; तो घट्ट झाला कीं घांसावयाचा; मग दुसरा हात. आपणांस दिसते ती झळाळी वरच्या थराची. परंतु ती टिकते खालच्या न दिसणाऱ्या थरांच्या बळावर.

दुपारीं शहरांतील एका दुकानाच्या माडीवर गेलों. तेथें लोकांस रंगकाम करतां यावें म्हणून मेजें मांडलेलीं होतीं. एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्या मालेंतलीच एक नौका घेऊन बसले होते. भाषेची अडचण होती. परंतु हातांस भाषा लागत नाहीं. त्यांनीं आम्हांस शेजारीं बसवून घेतलें.

त्यांनीं प्रथम सुटे भाग साबणाच्या पाण्यानें धुतले. सांच्यांतून निघतांना लागलेला तेलकटपणा राहिला, तर रंग धरत नाहीं. भाग चौकटीपासून कापतांना त्यांनीं किंचित् बुडखा ठेविला आणि तो मागाहून चारशें, सहाशें, हजार अशा चढत्या क्रमाच्या कांचकागदांनीं घांसून सपाट केला. सांध्यांत लांबी भरली. मग एअरब्रशनें करड्या रंगाचें अस्तर फवारलें. अस्तर बसतांच, नितळ वाटणाऱ्या पृष्ठावर दोन ओरखडे उघडे पडले. ते पुन्हां घांसूं लागले. अस्तराचें काम रंग धरून ठेवणें एवढेंच नसून दोष दाखविणें हेंहि आहे, हें आम्हांस तेव्हां कळलें. घरीं मुलगा नेमकें हेंच करीत होता.

मुख्य रंग त्यांनीं मूळ नौकेच्या रंगाहून थोडा फिकट घेतला. लांबची वस्तु हवेमुळें फिकट दिसते, आणि लहान प्रतिकृति म्हणजे लांबून पाहिलेली वस्तुच. म्हणून पुष्कळजण अशी मिसळ करतात. पहिला हात इतका पातळ कीं, खालचें अस्तर दिसत होतें. आमचा हात शिवशिवला. त्यांनीं हंसून घड्याळ दाखविलें. दुसरा हात, मग तिसरा. हा रंग लॅकर जातीचा, झटपट वाळणारा. त्यावर चकचकीत रोगण देऊन, काळसर इनॅमल पुष्कळ पातळ करून सांध्यांच्या रेषांत सोडलें. तें केशाकर्षणानें आपोआप धांवत गेलें. बाहेर सांडलेलें त्यांनीं इनॅमलच्या थिनरनें पुसलें, तरी खालचा रंग ढळला नाहीं. कारण वाळलेला लॅकर त्या थिनरांत विरघळत नाहीं. थरांचा क्रम उलटा केला, तर सर्व बिघडतें. शेवटीं जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें कडांवर फिकट रंग घांसला, तों कठडे व शिड्या एकदम उठून दिसल्या. आणि सर्वांवर चकाकी मारणारें रोगण दिलें.

आम्हीं मनाशीं एक हिशेब केला. आमच्या दाराच्या रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर धरला, तरी सातशेंपट केल्यावर तो सात सेंटिमीटर होतो. म्हणजे खऱ्या नौकेच्या प्रत्येक कठड्यावर, प्रत्येक दोरखंडावर आम्हीं चार बोटें जाडीचा गिलावा थापला होता!

एक गोष्ट मनास खुपत राहिली. मेजावरील बहुतेक वस्तु लढाईच्याच. 'यामातो' एप्रिल १९४५ मध्यें सुमारें तीन हजार माणसांस घेऊन बुडाली आणि दोन महिन्यांनीं हें शहर जळालें. त्याच शहराच्या मुलांनीं पुढें तीच नौका हौसेनें जोडावी, याचा अर्थ काय? युद्धाचें कौतुक मुलांच्या हातीं खेळणें म्हणून द्यावें, असें आमचें मत नाहीं. परंतु त्या वृद्धांनीं नौकेच्या कुशीवर गंजाचा एक ओघळ रंगविला, तो पाहतांना मनांत पराक्रमाचा विचार आला नाहीं. खारें पाणी, जुनें लोखंड आणि तेथें उभीं असलेलीं माणसें मनांत आलीं. ज्यानें एक एक कठडा उभा केला, त्याला त्या कठड्याशीं उभ्या असलेल्या माणसाची आठवण करून देणें हें वडिलांचें काम आहे. तें न करतां आम्हीं घाई शिकविली.

रंगाचे ज्वालाग्राही डबे विमानांतून आणतां येत नाहींत. म्हणून कांचकागदाचीं पाकिटें व एक बारीक कुंचला तेवढा आणला. घरीं येतांच माळ्यावरची पेटी आम्हीं स्वतः उतरविली, आणि सर्वांच्या देखत मुलाजवळ चूक कबूल केली. तो आधीं गोंधळला. मग त्यानें नौका उलटसुलट पाहिली आणि कांचकागद पाण्यांत भिजत घातला. रोज संध्याकाळीं आम्हीं दोघे आमचें इनॅमल खरडून काढतों. तोफा सुटल्या आहेत. आंगठ्याचा ठसा अजून पुरता गेलेला नाहीं. घांसण्याचें काम त्यानें आमच्याकडे सोंपविलें आहे. कुंचला मात्र अद्याप आमच्या हातीं दिलेला नाहीं, आणि आम्हींहि मागितलेला नाहीं.