शिरेतली ठणक

मोठ गावाहून झाशी सुमारे ५० किलोमीटर. तिथे सीटी स्कॅन करून माणूस घरी परततो आणि एक-दोन दिवसांनी सुई टोचलेली शीर ठणकू लागते, बोटांना दोरीसारखी कडक लागते. स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध अंगातच राहिलं, ही भीती समजण्याजोगी. पण मूत्रपिंडं धड असतील तर ते आयोडीनयुक्त द्रव्य बहुतेक एका दिवसात लघवीवाटे निघून जातं. सुजलेली असते शिरेची भिंत, आणि ती निवायला काही दिवस, कधी आठवडेही लागतात. एवढ्याशा दुखण्याचं आधी काय सांगायचं, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही; दवाखान्यापासून इतक्या लांब, रात्री एकट्यानं ठणक सोसताना तेवढी एक सूचनाच धीर देते. सहसा कोमट शेक पुरतो. मात्र लाली पसरली, ताप आला किंवा हात सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.