सोळा विषयांची यादी

8 फेब्रुवारी 1929. दक्षिण इटलीत बारी शहराजवळचं तुरी हे गाव आणि तिथला तुरुंग. कैदी क्रमांक 7047 याला लिहिण्याची परवानगी मिळून जेमतेम काही आठवडे झाले आहेत. समोर शाळकरी मुलांची असते तशी वही, तिच्यावर तुरुंगाचा शिक्का. पहिल्या पानावर तो तारीख घालतो आणि बारीक, नेटक्या अक्षरात सोळा विषय लिहून काढतो. त्यात इतिहासलेखन आहे, इटलीच्या दक्षिणेचा प्रश्न आहे. पण वर्तमानपत्रांत क्रमशः येणाऱ्या लोकप्रिय कादंबऱ्याही आहेत, लोकसाहित्य आहे, नियतकालिकांचे प्रकार आहेत आणि सामान्य माणसाची रुळलेली समजही आहे.

हा कैदी अंतोनियो ग्रामशी. कम्युनिस्ट पक्षाचा नेता, निवडून आलेला खासदार. 1926 च्या नोव्हेंबरात मुसोलिनीच्या सरकारने संसदेचं संरक्षण धुडकावून त्याला अटक केली आणि पुढे विशेष न्यायालयाने वीस वर्षं, चार महिने, पाच दिवसांची शिक्षा ठोठावली. राज्यसत्तेचा दंडुका ज्याच्या पाठीत बसला, तो सत्तेचा विचार मांडायला बसतो तेव्हा त्याला क्रमशः कादंबऱ्या का आठवाव्यात?

मार्क्स आणि एंगल्स यांनी 1848 च्या जाहीरनाम्यात आधुनिक राज्याला भांडवलदारांचा सामाईक कारभार पाहणारी समिती म्हटलं होतं. लेनिनने 1917 साली 'राज्य आणि क्रांती'मध्ये फौज, पोलीस आणि तुरुंग यांवर बोट ठेवलं. ग्रामशीने यातलं काहीच खोडलं नाही. मात्र उत्तर इटलीतल्या ट्युरिन या कारखान्यांच्या शहरात त्याने जे पाहिलं होतं, ते एवढ्या मांडणीत मावत नव्हतं.

1919 साली ट्युरिनच्या कामगारांना दाबण्यासाठी सासारी ब्रिगेड शहरात आणली गेली. हे सैनिक सार्डिनिया बेटावरचे, बहुतेक गरीब शेतकरी आणि धनगर. ग्रामशीही त्याच बेटावरचा. वडील तुरुंगात गेल्यावर अकराव्या वर्षी तो एका सरकारी कचेरीत कामाला लागला होता. दिवसाचे दहा तास, महिन्याला नऊ लिरा. स्वतःच्या वजनाहून जड दफ्तरं उचलून रात्री अंग इतकं ठणकायचं की तो लपून रडायचा. त्यामुळे या सैनिकांच्या मनात काय असेल, हे त्याला कळत होतं. 1926 साली लिहिलेल्या दक्षिणेच्या प्रश्नावरच्या निबंधात त्याने एक प्रसंग सांगितला आहे. सासारीचाच एक कातडी कमावणारा कामगार एका सैनिकाला गाठून विचारतो, कशासाठी आलात इथे? सैनिक सांगतो, संप करणाऱ्या शेठ लोकांवर गोळ्या घालायला. अरे, संप तर गरिबांनी केलाय, असं समजावल्यावरही त्याला पटत नाही. इथे सगळेच शेठ, गळ्यात टाय बांधतात, दिवसाला तीस लिरा कमावतात. गरीब कसे दिसतात ते मला माहीत आहे, आम्ही खणणारे दीड लिरावर राबतो.

या सैनिकाच्या हातात बंदूक सरकारने दिली, पण नेम कुणावर धरायचा हे त्याच्या मनात आधीच ठरलेलं होतं. उत्तरेचे लोक आपल्याला लुटतात, ही त्याची समज अगदी खोटीही नव्हती. अर्धं सत्य होतं, म्हणून तर ती इतकी घट्ट बसली होती. ट्युरिनमधल्या सार्डिनियन समाजवाद्यांनी मग या सैनिकांशी महिनोन्‌महिने बोलणं चालू ठेवलं. जुलैमधल्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर ब्रिगेड घाईघाईने शहरातून हलवली गेली.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1920 मध्ये, इटलीभर लाखो कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले. फियाटच्या कारखान्यात मालकाच्या दालनात कामगार समिती बसली. पंतप्रधान जिओलित्ती यांनी फौज पाठवली नाही. ते थांबून राहिले. कारखान्याच्या भिंतीबाहेर पतपुरवठा, बाजारपेठ, कोर्टकचेऱ्या, शाळा, चर्च सगळं जसंच्या तसं चालू होतं. काही आठवड्यांत तडजोड झाली आणि कारखाने मालकांना परत मिळाले.

तुरीच्या कोठडीत ग्रामशी या पराभवाचा हिशेब मांडत होता. सत्ता दोन ठिकाणी राहते, असं त्याला दिसलं. एक राजकीय समाज, जिथे हुकूम आणि शिक्षा चालते. दुसरा नागरी समाज, म्हणजे शाळा, चर्च, वर्तमानपत्रं, संघटना, वाचनालयं, जिथे माणसं आपणहून मान डोलावतात. या संमतीच्या बळावर चालणाऱ्या नेतृत्वाला मराठीत धुरीणत्व म्हणतात. पश्चिम युरोपात सरकार डळमळलं तरी त्यामागे नागरी समाजाचे खंदक असतात, म्हणून एका धडकेने काही होत नाही, तिथे मोर्चा बांधून वर्षानुवर्षं लढावं लागतं, असं तो लिहितो. पहिल्याच वहीत त्याने या लढाईचं उदाहरण म्हणून गांधीजींच्या आंदोलनाची नोंद केली आहे. बहिष्कार ही त्याच्या मते मोर्चेबांधणीचीच लढाई. परदेशी कापड विकत घेणं ही रोजच्या व्यवहारातली संमती होती आणि ती दुकानाच्या दारातच मोडावी लागली. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना गिरणी कामगार बाबू गेनू यांनी प्राण दिले.

वहीवर तारीख पडल्यानंतर तीनच दिवसांनी, 11 फेब्रुवारी 1929 रोजी, मुसोलिनीने पोपशी लातेरान करार केला. कॅथलिक धर्म राजधर्म ठरला, चर्चच्या विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली, माध्यमिक शाळांतही धर्मशिक्षण आलं. गावोगावच्या धर्मोपदेशकाच्या तोंडून जी संमती मिळते, ती पोलिसांकरवी मिळत नाही, हे हुकूमशहालाही पक्कं ठाऊक होतं.

शिक्षेची मुदत कमी होऊन ती संपली आणि त्याच आठवड्यात, 27 एप्रिल 1937 रोजी, ग्रामशी रोममध्ये वारला. वय 46. मेहुणी तात्याना शुख्त हिने त्याच्या 33 वह्या सांभाळल्या. 1948 पासून त्या छापून येऊ लागल्या. मुसोलिनीची सत्ता तोवर कोसळून पाच वर्षं झाली होती. पण त्याच 1948 साली अमलात आलेल्या प्रजासत्ताकाच्या घटनेच्या सातव्या कलमात लातेरान करार कायम राहिला, आणि त्या कलमाच्या बाजूने खुद्द ग्रामशीच्या पक्षाने मत दिलं होतं. कॅथलिक धर्म हा राजधर्म नव्हे, असं इटलीने मान्य केलं ते 1984 साली.