बोट लावायचं नाही

बाजारपेठेत मिक्सर दुरुस्तीला दिला होता. दुकानातल्या मुलाने तुटक्या वायरीला सोल्डर मारला, राळेचा धूर उठला आणि मी तिथेच थबकलो. उरणच्या मोरा बंदरातल्या आमच्या घराची माडी, कोपऱ्यातल्या पाटीत सुकट, आणि मधोमध लाकडी घोड्यांवर टाकलेला आठ बाय चारचा प्लाय. मामाची रेल्वे. मामा जाऊन बरीच वर्षं झाली.

मामा माझगावला फिटर होता. मोऱ्याहून सकाळच्या लाँचने भाऊचा धक्का, संध्याकाळी परत. ओहोटीला मोऱ्याला गाळ उघडा पडतो, लाँच खोळंबते, माणसं वैतागतात. मामा तेवढ्या वेळात मांडीवर कागद घेऊन सांध्यांची आखणी करायचा. लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणि स्विच आले, चोरबाजारातून जुनं जर्मन इंजिन, रूळ मिळतील तसे. डबे मात्र पुठ्ठ्याचे, त्याने स्वतः कापलेले, मुंबईच्या लोकलच्या पिवळ्या-तपकिरी रंगात रंगवलेले. उरणहून लोकल पकडायची सोय तेव्हा नव्हती. आमच्या माडीवर ती धावत होती, आणि फलाटावरच्या पाटीवर मामाने बारीक ब्रशने ‘उरण’ लिहिलं होतं.

एक गोष्ट काही केल्या मनातून जात नाही. मिठागरं मागे टाकून गाडी वळणावर आली की थांबायची. मी हात पुढे केला की मामा मनगट धरायचा. ‘बोट लावायचं नाही. का थांबली ते बघ.’ मग तो वाकून डोळा रुळांच्या पातळीला आणायचा, बराच वेळ बघत राहायचा. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं अंगठ्याखाली धरून दोन्ही रुळांवरून ओढायचा आणि उलटं करून मला दाखवायचा. पांढऱ्या कापडावर शेजारी शेजारी दोन काळ्या रेघा. पुन्हा बटण फिरवलं की इंजिन आधी गुणगुणायचं, मग हलायचं.

कारण आमच्या हवेतच होतं. टेबलावरच्या रेल्वेत रूळ हीच वायर असते: एक रूळ धन, दुसरा ऋण, मध्ये १२ व्होल्ट, आणि ती वीज चाकांमधून मोटरपर्यंत पोचते. उलटी जोडली की गाडी उलटी जाते. मामाचे रूळ पितळी होते. खाऱ्या वाऱ्यात पितळेवर थर धरतो आणि तो थर वीज अडवतो. आता निकेल-सिल्व्हरचे रूळ मिळतात. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नसते. त्यांच्यावरचा थर इतका आडवा येत नाही. तरी उरणात गाडी चालवायच्या आधी फडकं फिरवावंच लागतं. मामा गेल्यावर तो प्लाय माझ्याकडे आला, तेव्हापासून मी ते फिरवतो.

माझा एक जुना राग आहे, तो इथे सांगून टाकतो. जगभर घरच्या रेल्वेसाठी जे माप सर्वाधिक चालतं ते १:८७चं, आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. हे अंतर युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून ठरलं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ने भागा, १९ मिलिमीटरच्या वर जाते. म्हणजे आपली गाडी कितीही मन लावून बनवा, ती परक्या, अरुंद रुळांवरच उभी राहणार. त्यात मुंबईची लोकल बारा फूट रुंद. या मापात बेचाळीस मिलिमीटर. मामाचे डबे वळणावर डुलायचे ते यामुळेही. इतकी रेल्वे असलेल्या देशाच्या मापाचे रूळ खेळण्यांच्या दुकानात मिळत नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ला ते लोकांसाठी खुलं झालं. दिवे मंद होतात, टेबलावर रात्र पडते, खिडक्या उजळतात, सर्कस लागते आणि मधून गाड्या सुटतात. एका माणसाच्या नादातून एवढं उभं राहिलं, म्हणून मी ते फार मानतो. पण तिथून निघताना मला वाटलं की मामाच्या प्लायवर एक गोष्ट जास्त होती. जोशींचं शहर कल्पनेतलं आहे. मामाचं उरण खरं होतं.

खरं म्हणजे किती खरं? नेरूळ ते उरण साधारण २७ किलोमीटर. १:८७ने तेवढा मार्ग मांडायचा तर तीनशे मीटरहून लांब टेबल लागेल. म्हणून हा छंद करणाऱ्याला सतत ठरवावं लागतं, काय ठेवायचं आणि काय गाळायचं. मामाने द्रोणागिरी डोंगर ठेवला, बंदर ठेवलं आणि सर्वांत जास्त जागा दिली मिठागरांना. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे बांध, चौकोनाचौकोनांत काचेचे तुकडे, कडेला खऱ्या मिठाचे ढीग. पावसाळ्यात ते मीठ पाणी सोडायचं, तो दसऱ्यानंतर नवं टाकायचा. मी विचारलं होतं, गाडीला एवढं वळण कशाला? तो म्हणाला, ‘आगरावरून रूळ नाही न्यायचे. बाजूने न्यायचे.’

तेव्हा मला ते नुसतं आखणीचं बोलणं वाटलं. पण काळ कुठला होता ते बघा. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या जात होत्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व त्या रक्तातून आलं. १९८९ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. मामा मोर्च्यांबद्दल घरात फारसं बोलत नसे. प्लायवर मात्र त्याने वळण काढलं होतं, आणि त्या वळणावर गाडी अडली तरी रूळ सरळ केले नव्हते.

उरणला लोकल आली १२ जानेवारी २०२४ला. नोव्हेंबर २०१८मध्ये ती खारकोपरपर्यंत आली होती, आता उरणपर्यंत पोचली. चार दिवसांनी त्या गोळीबाराला चाळीस वर्षं पूर्ण झाली. मी गाडीने जातो, मनापासून आनंदाने जातो. ओहोटीचा हिशेब करत बसावं लागत नाही. पण खिडकीतून बाहेर बघताना मिठागरं कुठे होती हे आता मलाही बोट ठेवून सांगता येत नाही, मग माझ्या मुलीला कसं सांगू?

प्लायवरचे पितळी रूळ मी बदलतो आहे. मागच्या बाजूने कंटेनरच्या वाघिणी धावतील, कारण त्याही आता उरणच्याच आहेत. वळण मात्र राहील, आणि जासई गावाला १९८४च्या हुतात्म्यांची खूणही असेल. मिठागरांचे बांध मामाच्या आठवणीवर सोडायचे नाहीत, खऱ्या मांडणीवरून करायचे आहेत. बंदर होण्याआधीच्या उरणच्या आगरांचे फोटो, मोजणीचे नकाशे, नुसती हाताने काढलेली आकृतीसुद्धा तुमच्या घरात असेल तर ती रद्दीत देऊ नका. ज्यांनी त्या आगरांत काम केलं ती माणसं अजून आहेत. त्यांना विचारा, लिहून ठेवा.