इंजिन पाठीमागं

२०१२च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची ‘अवंती’ लोकांसमोर आली. आपल्याकडं बनणारी स्पोर्ट्स कार म्हणून पेपरांनी मोठे फोटो छापले. मी तेव्हा साताऱ्यात बी.एड. करत होते. सुट्टीत सांगलीला घरी आले, तर धाकट्या भावानं तो फोटो कापून आपल्या पत्र्याच्या पेटीवर चिकटवलेला.

दहावीला गणितात नापास झाल्यावर तो गॅरेजात लागला होता. अब्बा त्याच्याशी कामापुरतंच बोलत. मी तर तेवढंही नाही.

“आपा, इसका इंजिन पीछे है,” तो म्हणाला.

“किधर लिखा है?”

“लिखा नै. देखो ना.”

काळ्या नखाचं बोट त्यानं दारामागच्या खाचेवर ठेवलं. इथून हवा आत जाते. इंजिन पुढं असतं तर इथं भोक कशाला पाडलं असतं? पुढचं तोंड बघ किती बसकं. सीट दोनच. म्हणजे इंजिन सीटमागं, मागच्या चाकांच्या अलीकडं. वजन मधोमध राहिलं की वळणावर गाडी चटकन वळते.

गॅरेजात म्हणे यावर रोज वाद चाले. मिस्त्री म्हणायचे, ही गाडी खंबाटकीत तापणार आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट घासणार. भावाचं म्हणणं एकच, “इंजिन भी यहींच का रहेगा, देखना.”

माझ्या मांडीवर सराव पाठाचं टाचण होतं. उद्दिष्ट : विद्यार्थी निरीक्षणावरून अनुमान काढतो. मी ते तसंच पुरं केलं.

गाडी २०१५मध्ये बाजारात आली. किंमत पस्तीस लाखांच्या आसपास. इंजिन सीटमागंच होतं, दोन लिटरचं, टर्बोचं, २५० हॉर्सपॉवरचं. पण रेनॉचं, फ्रान्सचं. गोव्याच्या सॅन स्टॉर्मलाही रेनॉचंच इंजिन होतं, असं मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, “बदन अपना, दिल किराये का.” फोटो मात्र काढला नाही.

पुढं आमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप बनवली आणि २०२२मध्ये महिंद्रांनी ती घेऊन त्यांना बोलेरो दिली. सगळे बोलेरोबद्दल बोलत होते. यानं विचारलं, “इंजिन किसका बिठाया?”

एक गोष्ट लिहायची राहिली. २०११च्या ऑक्टोबरच्या परीक्षेचा त्याचा फॉर्म माझ्याकडं होता. भरायचा मीच होता. प्रवेशाच्या गडबडीत मी साताऱ्याला गेले आणि तारीख निघून गेली. ऑटोमोबाईलच्या डिप्लोमाला दहावी पास लागते. मी अजून त्याच्याजवळ हे बोलले नाही. त्यानंही कधी विचारलं नाही.

आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. मागच्या महिन्यात माझ्या नववीतल्या एका पोरानं उर्दूच्या वहीमागं गाडी काढली, लांबडी, बसकी. वही जप्त करून मी भावाकडं नेली. हात पुसून त्यानं ती उजेडात धरली, उलटसुलट केली.

“अच्छी है,” तो म्हणाला. “लेकिन उसको पूछ, रेडिएटर कां रखा?”